कुलूप विक्रेत्याचे, माल कोणाचा?

मोल मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हा व्यवहाराचा नियम इतका जुना आहे की तो कायद्याच्या पुस्तकात शोधण्याची गरज सामान्य माणसाला कधी भासली नाही. ग्रंथ विकत घेतला की तो आपल्या कपाटात राहतो. प्रकाशकाचे दुकान बंद पडले म्हणून त्यातील अक्षरे पुसली जात नाहीत. संगणकावर चालणाऱ्या मालाच्या बाबतीत मात्र हा नियम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू मोडीत निघाला आहे, आणि त्याची ठळक प्रचीती व्हिडिओ गेम्सच्या व्यापारात येत आहे. फ्रान्समधील युबिसॉफ्ट या बड्या कंपनीने २०१४ मध्ये विक्रीस आणलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद केला. हा खेळ एकट्याने खेळायचा म्हटला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी लागत असे. सर्व्हर बंद होताच, ज्यांनी रोख पैसे देऊन तो घेतला होता त्यांच्या हाती काहीच उरले नाही. या घटनेतून जी चळवळ उभी राहिली, तिने युरोपीय संघापुढे ठेवलेल्या निवेदनावरील सह्यांनी जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

खेळाचा विषय अग्रलेखाच्या स्तंभात कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु प्रश्न खेळाचा नाही. विकत घेतलेल्या वस्तूवरील मालकीचा आहे. जुलै २००९ मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. ती विकणाऱ्याकडे तिचे हक्क नव्हते हे कारण खरे होते आणि पैसेही परत करण्यात आले. तरीही दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलून न्यावे, असाच तो प्रकार होता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले तेव्हाही पैसे परत मिळाले, पण पुस्तके उघडेनाशी झाली. आज खेळांवर आलेली पाळी उद्या आपल्या ग्रंथसंग्रहावर आणि गाण्यांच्या ठेव्यावर येऊ शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे या विषयाचे गांभीर्य कळून येईल.

या साऱ्याच्या मुळाशी ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’, संक्षेपाने ‘डीआरएम’, ही कुलूपयोजना आहे. विकलेल्या मालाला एक अदृश्य कुलूप लावायचे आणि त्याची किल्ली विक्रेत्याने स्वतःजवळ ठेवायची, हे तिचे सार. माल चालू करताना संगणक दूरवरच्या सर्व्हरकडे परवानगी मागतो. परवानगी आली तर माल चालतो, नाही तर नाही. चोरून प्रती काढणाऱ्यांना आळा बसावा हा तिचा उद्देश सांगितला जातो. तथापि अनुभव काय सांगतो? २००८ मध्ये ‘स्पोर’ हा खेळ आला तेव्हा तो तीनच वेळा संगणकावर बसवता येईल अशी अट होती. प्रामाणिक गिऱ्हाइके संतापली, कंपनीला मर्यादा वाढवावी लागली, आणि चोरट्या प्रती तर मुबलक फिरतच राहिल्या. २०१० मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ या खेळासाठी इंटरनेटची अखंड जोडणी सक्तीची केली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हर हल्ल्यामुळे कोलमडले आणि पैसे देणारे खेळाडू ताटकळत बसले. ज्याने कुलूप फोडलेली प्रत मिळवली त्याला सर्व्हरची पर्वा नाही, आणि ज्याने दाम मोजला तो मात्र परवानगीची वाट पाहत बसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच. गोव्यात पहिल्या वादळी पावसाबरोबर वीज आणि तिच्यापाठोपाठ इंटरनेटची जोडणी कशी जाते, हे सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाचकांना सांगावयास नको. अखंड जोडणीची अट त्यांना कितपत परवडेल याचा विचार मोठ्या शहरांत बसून माल विकणाऱ्यांनी करावा.

या प्रथेला अपवाद ठरलेले एक दुकान पोलंडमध्ये उभे राहिले, ही घटना बोधप्रद आहे. मार्चिन इविन्स्की व मिखाऊ किचिन्स्की या दोघा मित्रांनी १९९४ मध्ये वॉर्सा येथे सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली, तेव्हा चोरट्या प्रतींचा धंदा त्या देशात उघड्यावर चालत असे. त्यांनी पोलिसांच्या दारात धरणे धरले नाही. १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ त्यांनी पोलिश भाषेत, नामवंत नटांचे आवाज घेऊन, नकाशा व पुस्तिकेसह सुबक पेटीत घालून विकला आणि चोरट्या प्रतीहून अस्सल प्रत अधिक हवीशी करून दाखविली. हेच तत्त्व पुढे नेत २००८ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजे आजचे ‘गॉग’, हे इंटरनेटवरील दुकान थाटले. येथे विकला जाणारा खेळ कुलपाविना मिळतो. तो उतरवून घ्यावा, जपून ठेवावा, दुकान राहो वा न राहो, इंटरनेटविना खेळावा. २०२५ च्या अखेरीस या दुकानाची मालकी कंपनीकडून सहसंस्थापक किचिन्स्की यांच्याकडे गेली. कुलूपमुक्त विक्रीचे मूळ धोरण मात्र कायम आहे.

कुलूप नसले की धंदा बुडतो, या समजुतीला याच कंपनीने स्वतःच्या मालाने उत्तर दिले आहे. २०११ मध्ये तिचा ‘द विचर २’ हा खेळ दुकानांत कुलूप लावून आणि गॉगवर कुलपाविना, असा दोन्ही रूपांत आला. आधी चोरली जाईल ती कुलूप नसलेली प्रत, अशी धंद्यातील लोकांची अटकळ होती. प्रत्यक्षात कुलूप लावलेलीच प्रत फोडून पसरवली गेली, असे त्या दुकानाच्या चालकांनी नंतर सांगितले. कंपनीनेही लवकरच ते कुलूप काढून टाकले. पुढे २०१५ मध्ये ‘द विचर ३’ आणि २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हे तिचे मोठे खेळ कुलपाविनाच विकले गेले आणि कंपनी जगातील अग्रगण्य निर्मात्यांत गणली जाऊ लागली.

असे असूनही अनेक बडे प्रकाशक या दुकानाची पायरी चढण्यास कचरतात. त्यांची बाजूही ऐकून घेणे न्यायाचे होईल. मोठा खेळ तयार करण्यास शेकडो माणसांची अनेक वर्षांची मेहनत आणि अफाट भांडवल लागते, आणि विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांतच होतो. २०१४ पासून प्रचारात आलेल्या ‘डेनूव्हो’ या कुलपासंबंधी अलीकडे झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटले तर उत्पन्नात सुमारे २० टक्के घट येते. ही रक्कम लहान नाही, आणि प्रकाशकांची भीती निव्वळ भ्रम आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे: साधारण बारा आठवडे लोटल्यावर कुलूप फुटले तरी उत्पन्नावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणजे कुलपाचे आयुष्य, मालकाच्या हिशेबानेही, तीन महिन्यांचे. मग ते तीस वर्षे लटकत ठेवण्याचे प्रयोजन काय? नव्या मालाला काही काळ कुलूप लावणाऱ्यांशी आम्ही वाद घालणार नाही. मुदत सरल्यावरही ते न काढणाऱ्यांना मात्र जाब विचारला पाहिजे.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. व्हॉल्व्ह कंपनीच्या, २००३ मध्ये सुरू झालेल्या, ‘स्टीम’ या बलाढ्य दुकानाच्या सोयींवर अनेक खेळ बेतलेले असतात. त्या काढून निराळी प्रत तयार करणे, तिची दुरुस्ती वेळोवेळी करणे, याला खर्च येतो. तिसरी अडचण हक्कांच्या गुंत्याची. ‘सिस्टिम शॉक २’ हा १९९९ चा नावाजलेला खेळ निर्मात्यांची संस्था २००० मध्ये बंद पडल्यानंतर दुर्मीळ झाला. त्याच्या हक्कांचा काही भाग चक्क एका विमा कंपनीच्या दप्तरात जाऊन पडला होता. एका होतकरू उद्योजकाने तो शोधून काढला, आणि २०१३ मध्ये खेळ गॉगवर पुन्हा अवतरला. २००० मधील ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ या खेळाचे हक्क मात्र अनेक कंपन्यांत असे विभागले गेले आहेत की तो आजही कायदेशीर मार्गाने नव्याने विकत मिळत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नाहीत. एका संपूर्ण कलाप्रकाराचा आरंभकाळ आपल्या डोळ्यांदेखत विस्मृतीत चालला आहे.

अडचणी असल्या तरी मने वळतात, हाही अनुभव आहे. डिस्नेच्या ताब्यात गेलेले ल्यूकसआर्ट्सचे जुने खेळ २०१४ मध्ये गॉगवर आले, ब्लिझार्डचा ‘डायब्लो’ २०१९ मध्ये आला, आणि जपानच्या कॅपकॉमने १९९६ चा मूळ ‘रेसिडेंट ईव्हिल’ २०२४ मध्ये तेथे दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दुकानाने १०० जुन्या खेळांपासून जतनाचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तर २०२५ च्या आरंभी कोणता खेळ कुलपाविना हवा हे ग्राहकांना मताने कळवता येईल अशी सोय केली. कुलूप नसण्याचा खरा लाभ डिसेंबर २०२४ मध्ये दिसून आला. ‘वॉरक्राफ्ट’चे पहिले दोन भाग त्या वेळी गॉगवरील विक्रीतून काढून घेण्यात आले, पण ज्यांनी ते आधी घेतले होते त्यांच्या प्रती त्यांच्याकडेच राहिल्या. ‘द क्रू’च्या गिऱ्हाइकाशी या गिऱ्हाइकाची तुलना करावी, म्हणजे मालकी आणि परवानगी यांतील अंतर वेगळे समजावून देण्याची गरज उरणार नाही.

प्रकाशकांनी यापेक्षा मोठा धडा संगीताच्या व्यापारातून घ्यावा. २००५ मध्ये सोनी बीएमजीने गाण्यांच्या तबकड्यांतून ग्राहकांच्या संगणकांत गुपचूप घुसणारे कुलूप बसवले आणि जगभर नाचक्की करून घेतली. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, ईएमआयने कुलूपमुक्त विक्रीचा निर्णय जाहीर केला आणि २००९ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स दुकानातील सारी गाणी मोकळी झाली. संगीताचा व्यवसाय त्याने बुडाला नाही.

आता कर्तव्याचा विचार. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की, जी वस्तू प्रत्यक्षात केवळ परवान्यावर दिली जाते ती ‘विकत घ्या’ असे म्हणून विकायची असेल, तर ते सत्य ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे; कायमची उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येणाऱ्या मालाला यातून सूट आहे. कुलूपमुक्त विक्रीस सरकारी अनुदान न देताही उत्तेजन कसे देता येते, याचा हा नमुना आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम घालून, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करण्यात आली. मालकाच्या कुलपाला संरक्षण मिळाले; तर कुलूप कोठे आहे आणि ते किती काळ राहणार आहे, हे विक्रीच्या वेळी सांगण्याचे बंधनही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या चौकटीत, विक्रेत्यावर यावे. आता पुण्यासारख्या शहरांतून ‘राजी’सारखे भारतीय खेळ जगाच्या बाजारात जाऊ लागले आहेत, त्यांच्या जतनाचा प्रश्न तरी परक्यांचा म्हणता येणार नाही.

दुकानानेही आपले ब्रीद सांभाळले पाहिजे. २०२१ मध्ये ‘हिटमॅन’ हा खेळ गॉगवर आला तेव्हा त्याचे कित्येक भाग इंटरनेटविना उघडत नव्हते. ग्राहकांनी आवाज उठविल्यावर तो मागे घेण्यात आला. मोठ्या नावाच्या मोहापायी तत्त्वाला मुरड घातली, तर दुकानाचे वेगळेपणच संपेल. आणि सर्वांत मोठी जबाबदारी ग्राहकाची. कुलूप नसलेली प्रत विश्वासाने दिलेली असते. ती मित्रमंडळींत वाटणारा माणूस, ग्राहकावर विश्वास टाकता येत नाही या प्रकाशकाच्या आरोपाला स्वतःच्या हाताने पुरावा पुरवतो. ज्याला कुलूप नको, त्याने कुलूपमुक्त माल मिळेल तेथे पदरचे पैसे देऊन घ्यावा आणि जो मिळत नाही तो मागत राहावा. प्रकाशकाला तत्त्वापेक्षा हिशेबाची वही लवकर पटते. त्या वहीत प्रामाणिक गिऱ्हाइकांची संख्या दिसू लागली की कुलपे आपोआप निखळतील.