न सांगता होणारी शिक्षा

२०१६ च्या ऑगस्टमध्ये देशभरात अनेकांच्या संगणकांवर एक इशारा येऊ लागला. रोखलेल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की पडद्यावर मजकूर उमटे : इथल्या बेकायदा प्रती पाहणे, उतरवून घेणे, दाखवणे किंवा त्यांच्या नकला काढणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. टोरेंटचे पान नुसते उघडले तरी तुरुंग, अशा बातम्या झाल्या आणि लोक खरोखर घाबरले. प्रत्यक्षात नुसते पाहणे हा गुन्हा आहे, असे त्या कायद्यातले कुठलेही कलम सांगत नव्हते.

या इशाऱ्याचा उगम मुंबई उच्च न्यायालयातल्या एका दाव्यात होता. ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर येऊ नयेत म्हणून ‘इरॉस’ कंपनी न्यायालयात गेली होती. अशा दाव्यांत प्रतिवादी कोण हेच ठाऊक नसते. म्हणून ‘अशोक कुमार’ असे नाव घालून अज्ञात लोकांविरुद्ध आदेश मागितला जातो. न्यायमूर्ती गौतम पटेल सरसकट आदेश द्यायला तयार नव्हते. अख्खे संकेतस्थळ बंद करायचे तर तिथे चोरीचाच माल आहे हे दाखवा. नाहीतर नेमके दुवे द्या, ते तपासा आणि शपथेवर सांगा, असे त्यांनी बजावले. ज्याला पान बंद दिसते त्याला ते का बंद आहे आणि दाद कुठे मागायची हेही कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो मजकूर तयार करताना ‘पाहणे’ त्यात घुसले. प्रकरण पुन्हा समोर आले तेव्हा न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. परवानगीविना वाटण्यात, जाहीरपणे दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात आहे. मजकूर बदलायला लावला गेला.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यात निर्मात्याचा हक्क राखला गेला आणि ज्याला कोणी ओळखत नाही, जो न्यायालयात हजरही नाही, अशा माणसाला काय घडले ते सांगण्याची सोयही केली गेली. इंटरनेटवरच्या हक्कांच्या वादात हा दुसरा भाग सतत गळून पडतो. चोरटी प्रत असो किंवा नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची जुनी फेसबुक पोस्ट, ज्याचे नुकसान होणार आहे त्याला कारण कळले पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पायरसीबद्दल मला कुठलीही सूट द्यायची नाही. ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचत होता तेव्हाच त्याची चोरटी प्रत मोबाइलवरून फिरत होती. तो चित्रपट तरला, कारण लाट मोठी होती. दोन आठवड्यांच्या कमाईवर ज्याचे कर्ज फिटायचे असते, अशा छोट्या मराठी चित्रपटाला ही चोरी पेलवत नाही. पुस्तकांचे दुखणे आणखी खोल आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार-पाचशे प्रतींचीच असते, आणि पीडीएफ एकदा गटागटांतून फिरू लागली की दुसरी आवृत्ती काढायला प्रकाशक धजावत नाही. ती पुढे पाठवणारा सहसा वाईट हेतूचा नसतो. वाचनाची गोडी पसरवतो आहोत असे त्याला मनापासून वाटते. पण ज्या लेखकाचे पुस्तक आपण आवडीने वाटतो, त्याच्या पुढच्या पुस्तकाचा खर्च आपण त्याच्याच खिशातून काढत असतो.

पुस्तके महाग आहेत, गावात मिळत नाहीत, ही तक्रार मात्र खोटी नाही, आणि कायद्यालाही ती ठाऊक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे गठ्ठे ते दुकान झेरॉक्स काढून विद्यार्थ्यांना देत असे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला : शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या नकलांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. आधी एकल न्यायमूर्तींनी दावा फेटाळला. अपिलात खंडपीठाने प्रकरण पुन्हा तपासायला पाठवले, पण तत्त्व कायम ठेवले. गरजू वाचकाची सोय अशी उघड्यावर, दोन्ही बाजू ऐकून होते. दुसऱ्याच्या मेहनतीचा मजकूर टेलिग्रामवर पैसे घेऊन विकणाऱ्याला या निकालाचा आधार घेता येत नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कोणालाही टेलिग्रामवरच्या नोट्सची चॅनेले नवी नाहीत. अशाच चॅनेलांवर आपली पुस्तके आणि व्याख्याने फिरतात, म्हणून दिल्लीतल्या एका शिक्षिकेने टेलिग्रामला न्यायालयात खेचले. चॅनेल चालवणाऱ्यांची नावे द्या, अशी मागणी होती. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथला कायदा माहिती उघड करू देत नाही, असे टेलिग्रामचे उत्तर. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी ते अमान्य केले आणि माहिती बंद पाकिटात द्यायला सांगितले. नोव्हेंबरपर्यंत काही चॅनेलचालकांची नावे, फोन क्रमांक आणि आयपी पत्ते न्यायालयात आले. पुढचा आदेश मला सर्वांत मोलाचा वाटतो : ही माहिती फिर्यादीच्या वकिलांना मिळेल, पण या दाव्याच्या कामाखेरीज कोणालाही देता येणार नाही. चोराला लपू दिले नाही, आणि त्याचा फोन क्रमांक चव्हाट्यावरही टांगला नाही.

आता नोकरीच्या दाराशी येऊ. तिथे यातले काहीच नसते. न्यायाधीश नाही, बंद पाकीट नाही, दाद मागायला पत्ता नाही. मुलाखती छान होतात, कागदपत्रे घेतली जातात, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू होते आणि मग फोन येणेच थांबते. विचारले तर ‘पोझिशन होल्डवर आहे’ एवढेच कळते.

कोणाला कामावर घ्यायचे हे ठरवण्याचा मालकाचा हक्क मी मनापासून मानतो. इचलकरंजीचा यंत्रमागवाला किंवा हिंजवडीतली कंपनी स्वतःच्या पैशाने जोखीम घेते. कोण माणूस निवडावा हे सरकारने सांगू नये. शाळेच्या बसचा चालक, पतसंस्थेचा रोखपाल, पाळणाघरातली ताई यांची चौकशी तर झालीच पाहिजे. पण या स्वातंत्र्याचा वापर आपल्याकडे प्रत्यक्षात कसा होतो याचा पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांत जाहिरात देणाऱ्या खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले, फरक फक्त नावात. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक तृतीयांश. तेव्हा कंपनीच्या हाती फक्त नाव होते. आज त्याच नावामागे दहा वर्षांच्या पोस्टी, लग्नाचे फोटो, जयंतीची मिरवणूक, आवडलेली भाषणे आणि मोर्च्यातला चेहरा असतो.

संविधानाचे सोळावे कलम सरकारी नोकरीत समान संधी देते, खासगी कंपनीला ते बांधत नाही. स्त्रिया, अपंग, एचआयव्हीबाधित आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगवेगळे कायदे आहेत, अस्पृश्यतेविरुद्धही आहेत. धर्म, राजकीय मत किंवा एखादी जुनी पोस्ट यांवरून खासगी नोकरी नाकारली तर आधार घ्यावा असा सर्वसमावेशक कायदा नाही. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ते तिथेच राहिले.

पालघरची आठवण इथे काढावीच लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला आणि दोघींना अटक झाली. पुढे खटला बंद झाला. त्यांना लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कायद्याच्या नजरेत त्या मुलींच्या नावावर काहीच शिल्लक नाही. पण त्यांच्यासारख्या कोणाचे नाव शोधले तर पहिल्या पानावर अटकेचीच बातमी येते, आणि उमेदवारांच्या ढिगातून नाव गाळायला तेवढी पुरते.

हे काल्पनिक भय नाही. भारतीय वंशाच्या एका अमेरिकन नागरिकावर इथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली खटला चालला; तो निर्दोष सुटला आणि उच्च न्यायालयानेही ती मुक्तता कायम ठेवली. अमेरिकेत परतून तो कायदा शिकला, पण नोकरी मिळेना, कारण नाव शोधले की तो निकाल समोर येई. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने तो निकाल गूगलच्या शोधातून हटवायला सांगितले. मला त्या माणसाचे दुःख समजते, पण हा उपाय मला पटत नाही. निकाल जनतेचे असतात. ‘इंडियन कानून’सारख्या संकेतस्थळामुळे गडचिरोलीतल्या वकिलालाही ते फुकट वाचता येतात. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात निकाल काढून टाकायला सांगितला, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, ते योग्यच झाले. कागद पुसण्यापेक्षा, कागद वाचून निर्णय घेणाऱ्याला जबाबदार धरायला हवे. निर्दोष सुटलेल्या माणसाला नाकारणाऱ्या कंपनीने शेवटचे पान वाचले होते का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मिळेल, अशी आशा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. कायदा बारकाईने वाचला की उमेदवाराच्या हाती फार थोडे राहते. आपण स्वतः जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे सार्वजनिक पोस्टी कोणीही गोळा कराव्यात. कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरायला वाट आहे. माहिती मागण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क संमतीने दिलेल्या माहितीपुरताच आहे. संमतीचे म्हणाल, तर ज्याला नोकरी हवी आहे तो त्या फॉर्मवर सही करणारच. नाही म्हणायची सोय त्याला कुठे आहे?

त्यात नामसाधर्म्याचा घोळ. पाटील, जाधव, शिंदे आडनावांची, त्याच पहिल्या नावाची माणसे एकेका तालुक्यात किती सापडतील! पडताळणी करणाऱ्या एजन्सीने भलत्याच माणसाचा गुन्हा किंवा भलत्याचीच शिवराळ पोस्ट अहवालात चिकटवली, तर उमेदवाराला ते कधीच कळणार नाही. पुढच्या कंपनीतही तेच होईल आणि तो स्वतःच्या मुलाखतीत खोट शोधत बसेल. तरुण मुलांना हे सोसताना पाहिले की मला संताप येतो, कारण यातले बरेच टाळता येण्यासारखे आहे.

अमेरिकेत कामगारांचे फार लाड होतात असे कोणी म्हणणार नाही. तिथेही फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट या १९७० च्या कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि एक साधी अट आली : त्रयस्थ एजन्सीच्या अहवालावरून उमेदवाराला नाकारायचे असेल, तर आधी त्या अहवालाची प्रत त्याच्या हातात द्यायची आणि चूक असेल तर हरकत घ्यायला वेळ द्यायचा. शेवटी कोणाला घ्यायचे ते मालकच ठरवतो. मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये उमेदवाराकडे समाजमाध्यमांचा पासवर्ड मागायला बंदी केली, मग इतर अनेक राज्यांनी तेच केले.

आपल्याकडे एवढे तरी व्हावे. समाजमाध्यमे तपासणार असाल तर अर्जातच तसे लिहा, आणि कामाशी संबंध नसलेले काही त्यात शोधू नका. पासवर्ड किंवा खासगी खात्यात शिरकाव मागू नका. जे सापडले त्यावरून नाकारणार असाल तर ते उमेदवाराला दाखवा आणि सात दिवस थांबा. छोट्या उद्योगांवर हा बोजा पडेल असे म्हटले जाईल, पण एजन्सी नेमून अहवाल मागवणारे मुख्यतः मोठेच आहेत. कंपन्या खोटी कारणे देतील, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. देतीलही. पण लेखी कारण निदान तपासता येते, मौन तपासता येत नाही.

कायद्यात बदल व्हायला वर्षे लागतील. पुण्या-मुंबईतल्या ज्या कंपन्या समान संधीचे धोरण आपल्या संकेतस्थळावर झळकवतात, त्यांनी मात्र पुढच्या भरतीपासूनच हे सुरू करावे. अहवाल पाठवायला ई-मेलचा एक पत्ता लागतो, आणि तो प्रत्येक अर्जावर लिहिलेला असतो.