विश्लेषण : मोकळ्या हवेतील निवासी शिबिरे आजारांपासून सुरक्षित असतात का?

झाडाझुडपांत, डोंगरात, नदीकाठी भरणारी मुलांची निवासी शिबिरे तब्येतीला चांगलीच असणार, असे आपण गृहीत धरतो. करोनाच्या पहिल्या वर्षी, २०२० च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत या समजाची कसोटी लागली. जॉर्जिया राज्यातील एक शिबिर आठवडाभरात गुंडाळावे लागले. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातील चार शिबिरे मात्र साथ न पसरता पार पडली. दोन्हींचा तपशील अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) प्रसिद्ध केला. विषाणू तोच, ऋतू तोच, मग फरक कशामुळे पडला?

जॉर्जियात काय घडले?

१७ जूनपासून कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि २१ जूनपासून मुलांचे शिबिर, असा कार्यक्रम होता. २२ जूनला रात्री एका किशोरवयीन कर्मचाऱ्याला थंडी वाजून आली. तो दुसऱ्या दिवशी घरी गेला आणि २४ जूनला बाधित आढळला. त्याच दिवसापासून मुलांना घरी पाठवायला सुरुवात झाली आणि २७ जूनला शिबिर बंद झाले. जॉर्जियातील रहिवासी असलेल्या ५९७ जणांपैकी ३४४ जणांचे चाचणी अहवाल उपलब्ध झाले. त्यातील २६०, म्हणजे ७६ टक्के बाधित होते. उरलेल्यांचे अहवालच नसल्याने एकूण ४४ टक्के हे प्रमाण किमान म्हणावे लागेल. शिबिरात जितका मुक्काम जास्त, तितकी लागण जास्त, असेही दिसले. सर्वाधिक ५६ टक्के प्रमाण कर्मचाऱ्यांमध्ये होते.

चाचणीची अट असूनही संसर्ग का पसरला?

येण्यापूर्वी १२ दिवसांच्या आत केलेल्या चाचणीचा निगेटिव्ह अहवाल सर्वांना बंधनकारक होता. पण चाचणी त्या दिवसापुरतेच सांगते. पुढच्या ११ दिवसांत लागण झाली, तर जुना अहवाल कुचकामी ठरतो. मास्क कर्मचाऱ्यांना सक्तीचा होता, मुलांना नव्हता. काही खेळ बाहेर होत असले तरी झोपायला केबिन होत्या. एका केबिनमध्ये सरासरी १५ जण आणि हवा खेळती राहावी म्हणून दारे-खिडक्या उघडण्याची काळजी घेतली गेली नव्हती. त्यात रोज मोठमोठ्याने गाणी आणि घोषणा. म्हणजे दिवसा मिळालेला मोकळ्या हवेचा फायदा रात्रीच्या सात-आठ तासांत वाया जात होता. लक्षणांची माहिती मिळालेल्या १३६ बाधितांपैकी ३६ जणांना कोणताही त्रास नव्हता. त्यामुळे केवळ ताप तपासून त्यांना शोधता आले नसते.

मेनमधील शिबिरांनी वेगळे काय केले?

तिथे १,०२२ जण सहभागी झाले होते आणि तेही ४१ राज्यांतून व काही अन्य देशांतून आलेले. त्यांना घरीच १० ते १४ दिवस विलगीकरणात राहायला सांगितले गेले. येण्यापूर्वी ५ ते ७ दिवस एक चाचणी आणि आल्यावर ४ ते ९ दिवसांनी दुसरी. पहिल्या चाचणीत चार जण बाधित निघाले, त्यांना उशिरा यायला सांगण्यात आले. दुसऱ्या चाचणीत तिघे सापडले, एकालाही लक्षणे नव्हती. त्यांना लगेच वेगळे ठेवले गेले. मुलांचे छोटे गट केले होते आणि एका गटाचा दुसऱ्याशी संपर्क मर्यादित होता. गटाबाहेर मास्क, रोज लक्षणांची विचारपूस, हात धुणे हेही होतेच. या तिघांकडून पुढे कोणालाही लागण झाली नाही. इतके उपाय एकत्र केल्यामुळे नेमक्या कोणत्या उपायाने किती काम केले, हे वेगळे काढता येत नाही. मात्र एक उपाय चुकला तर दुसरा सावरतो, ही रचना उपयोगी पडली. जॉर्जियात मुलांना मास्क आणि खेळती हवा हे उपाय त्या रचनेत नव्हते.

मग पूर्णपणे उघड्यावर राहिले तर?

तरीही निर्धास्त राहता येत नाही. २०२२ च्या एप्रिल ते जूनमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये नदीतून राफ्टिंग करणारे आणि पाठीवर सामान घेऊन भटकणारे किमान २२२ जण उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. तिथे ना केबिन होत्या ना बंद खोल्या. अनेक सहलींच्या फिरत्या शौचालयांतील नमुन्यांत नोरोव्हायरस आढळला. हा विषाणू दूषित हात, पाणी, अन्न आणि पृष्ठभागांवरून पसरतो. त्याचे अगदी थोडे कणही पुरतात आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी हवेच. आजारी व्यक्तीने त्रास थांबल्यावरही किमान दोन दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

महाराष्ट्रातील पालकांनी काय पाहावे?

सह्याद्रीत उन्हाळी आणि हिवाळी सुटीत मुलांची शिबिरे भरतात. दोरखंड, हेल्मेट, प्रशिक्षकांचा अनुभव याची चौकशी बरेच पालक करतात. त्यासोबत आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. एका तंबूत किंवा खोलीत किती मुले झोपतात? पिण्याचे पाणी कुठले आणि ते उकळतात की गाळून क्लोरीन घालतात? शौचालयाशेजारी साबण आणि पाणी आहे का? रात्री दोन वाजता मूल तापले तर त्याला कुठे ठेवणार, सोबत कोण थांबणार आणि सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पैशांचा. निघण्याच्या आदल्या रात्री मुलाला ताप आला तर शुल्क परत मिळते का, किंवा पुढच्या तुकडीत जागा मिळते का? दोन्ही नसेल, तर काही घरांतून तापाची गोळी देऊन मूल बसमध्ये बसवले जाण्याची शक्यता वाढते. मेनमध्ये बाधित निघालेल्यांना उशिरा येण्याची मुभा होती. आपल्याकडील आयोजकांनी एवढी मुभा नियमावलीत लिहून दिली, तरी ताप लपवण्याचे एक मोठे कारण कमी होईल.