पाणी आठव्या दिवशी, बांधकाम परवानगी रोज

मागच्या महिन्यात माझे खालू एका गृहप्रकल्पाचं ब्रोशर घेऊन घरी आले. शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, फंडाचे पैसे हातात, आणि खालाला गुडघ्यांमुळे जुन्या शहरातल्या दुसऱ्या मजल्याचा जिना चढवत नाही. "बेटा, तू पढा-लिखा है, जरा देख ले," म्हणाले. बारा पानी गुळगुळीत ब्रोशर. क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक, लहान मुलांचा पोहण्याचा हौद. फेज एक पूर्ण, फेज दोन चालू, फेज तीन लवकरच. पाणी कुठून येणार आणि मैला कुठे जाणार, यावर बारा पानांत एक ओळही नव्हती.

खालूंनी माझ्यासमोरच त्यांच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलत होता. "सर, कॉर्पोरेशनचं पाणी येणारच आहे. तोवर बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर देतो."

आपलं निम्मं शहर या 'तोवर'वर उभं आहे.

मी औरंगाबादबद्दल बोलतोय. आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर. नाव बदललं, पाण्याचा दिवस बदलला नाही. बाहेरगावच्या वाचकांना 'पाण्याचा दिवस' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. गेली कित्येक वर्षं बऱ्याच वस्त्यांत ते आठवड्यातून एकदा येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. कधी रात्री दोनला, कधी भर दुपारी. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही. लाइनमनचा नंबर घराघरांत जावयाच्या नंबरसारखा जपून ठेवलेला असतो. मशिदीचा हौद भरायचा राहिला तर जुमा तोंडावर आल्यावर ट्रस्टी टँकरवाल्यामागे धावतात.

हे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. धरण भरलेलं असलं तरी आमचा नळ कोरडा असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. पण धरण आणि नळ यांच्यामध्ये बरंच काही असतं. धरणापासून शहर चाळीसेक किलोमीटर लांब आणि शंभर मीटरहून जास्त उंचीवर. म्हणजे प्रत्येक थेंब पंपानं चढवायचा. त्यासाठी दोन जुन्या जलवाहिन्या आहेत: ७०० मिलिमीटरची सत्तरच्या दशकातली आणि १४०० मिलिमीटरची नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. दोन्ही मिळून वर्षानुवर्षं साधारण १४० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी रोज शहरात येत राहिलं. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाख माणसं होती. ती आता किती झाली असतील त्याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा. त्यात सातारा-देवळाईसारखा अख्खा नोकरदारांचा भाग हद्दीत आला, तोही टँकरवर जगत.

समांतर जलवाहिनीचा इतिहास इथं सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. आधी खाजगी कंपनीला काम दिलं, २०१६ मध्ये करार मोडला. मग १६८० कोटींची नवी योजना, २५०० मिलिमीटरची जलवाहिनी, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन. पुढे खर्च २७४० कोटींवर गेला, तारखा पुढे जात राहिल्या, आणि कामावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष ठेवावं लागलं.

माझा मुद्दा त्या दिरंगाईचा नाही. तिच्यावर सगळेच बोलतात. या सगळ्या वर्षांत बांधकाम परवानग्या किती दिल्या, आणि त्या देताना पाण्याचा हिशोब कुणी मांडला का, हा माझा प्रश्न आहे.

हिशोब अवघड नाही. शिक्षक खालूंना मी तो ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवला. समजा दहा हजार घरांची वसाहत आहे आणि घरात सरासरी साडेचार माणसं. झाली पंचेचाळीस हजार. मलनिस्सारण असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे रोज सुमारे ६० लाख लिटर. यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरतात. ते झालं ४८ लाखांच्या पुढे. एवढं पाणी आणायला वाहिनी आणि साठवायला टाक्या लागतील, आणि एवढं सांडपाणी न्यायला ड्रेनेज लाइन आणि शुद्ध करायला केंद्र लागेल. इथपर्यंत पाचवीचं गणित.

गाठ पडते ती टप्प्यांमुळे. दहा हजार घरं एका दिवशी होत नाहीत. पहिल्या फेजची हजार घरं, त्यातली निम्मी रिकामी, कारण घेणारा पुण्यात किंवा दुबईत. म्हणजे राहती पाचशे. ड्रेनेज लाइन मात्र दहा हजारांच्या हिशोबानं जाडजूड टाकलेली, कारण रस्ता दर पाच वर्षांनी कोण उकरणार? त्या मोठ्या पाइपात विसावा हिस्सा पाणी वाहतं. सांडपाणी ठरावीक वेगानं वाहिलं तरच पाइप आपोआप धुऊन निघतो. अभियंते सुरुवातीच्या काळातही सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग धरतात. तो मिळाला नाही की गाळ बसतो, गॅस धरतो, चेंबर तुंबतं. शुद्धीकरण केंद्राचंही तसंच. ते जिवाणूंवर चालतं, आणि जिवाणूंना रोज खायला लागतं. मैलाच आला नाही तर ते मरतात. म्हणून शहाणे लोक वाहिनी तीस वर्षांची टाकतात, पण केंद्र तुकड्यातुकड्यांत बांधतात आणि पुढच्या तुकड्याची जागा राखून ठेवतात.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महाग पडते. पहिल्या फेजपुरती लाइन टाकायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेजची घरं तिलाच जोडत जायची. मग पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या संडासातून घाण वर येते. तळमजला नेहमी गुडघेदुखीवाल्यांनीच घेतलेला असतो.

आमच्या शहरानं या दोन्हींपेक्षा निराळा चमत्कार करून दाखवला. भूमिगत गटार योजनेत कांचनवाडीला १६१ दशलक्ष लिटरचं मलशुद्धीकरण केंद्र बांधलं, शिवाय झाल्ट्याला ३५ आणि पडेगावला १० दशलक्ष लिटरचं. बेरीज २०६. आणि नळानं शहरात येणारं पाणी? वर सांगितलंय. बोअरचं पाणी मिळवलं तरी आमच्याकडे पिण्यापेक्षा मैला धुण्याची क्षमता जास्त. एका योजनेचा कागद दुसऱ्या योजनेच्या कागदाला भेटलाच नाही. पाणी येईल म्हणून गटार आधी बांधलं, पाणी 'तोवर'मध्ये अडकलं.

आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात फ्लशची टाकी कुणी वापरत नाही. धुण्याचं पाणी बादलीत साठवून तेच ओततात. लाइन वाहत नाही, तुंबते, फुटते. त्याच रस्त्याखाली पिण्याच्या पाण्याची लाइन सात दिवस रिकामी पडलेली असते. पाइपात दाब असेल तर पाणी बाहेर गळतं. दाब नसेल तर बाहेरचं आत शिरतं. त्यात प्रत्येक घरातून नळाला थेट मोटार लावलेली, ती उरलंसुरलं ओढून घेते, आणि आपल्याला वाटतं पाणी ओढतोय. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी काळं येतं, ते आपण सोडून देतो आणि नंतरचं 'साफ' समजून भरतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा हजारो माणसं आजारी पडली होती. पाणी आणि गटार या एकाच हिशोबाच्या दोन बाजू आहेत हे तेव्हा काही आठवडे सगळ्यांना समजलं होतं.

त्याच शहराच्या कडेला ऑरिक आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं शेंद्रा-बिडकीन, दोन्ही मिळून सुमारे दहा हजार एकर. तिथं काम उलट क्रमानं झालं: आधी रस्ते, रस्त्यांबरोबरच जमिनीखाली पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या वाहिन्या, मग भूखंड. मला ऑरिकवर टीका करायची नाही. उलट टप्प्यांची वसाहत कशी करावी याचा तो शेजारचाच धडा आहे. पैसा सरकारचा होता म्हणून वर्षानुवर्षं रिकाम्या भूखंडांखाली वाहिन्या परवडल्या, हेही खरं. पण बिडकीनला टोयोटा, जेएसडब्ल्यू, एथर अशी नावं येतायत. तिथं कामाला येणारी मुलं राहणार कुठे? ऑरिकच्या कुंपणाच्या आत सगळ्यांना घर परवडणार नाही. ती पैठण रोडला, बिडकीन गावात, चितेगावच्या आसपास, गुंठ्यावर घेतलेल्या प्लॉटवर राहतील. कारखान्याचा हिशोब झाला, कामगाराच्या मोरीचा झाला नाही.

गुंठेवारीचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. मुसलमान वस्त्यांना मुद्दाम पाणी देत नाहीत असं एक म्हणणार, बेकायदा राहता मग पाणी कसलं मागता असं दुसरा म्हणणार. नारेगाव-मिसारवाडीत जा आणि मग सातारा-देवळाईत जा. दोन्हीकडे तेच ड्रम, तोच टँकर, फक्त सातारा-देवळाईत ड्रमच्या बाजूला कार उभी असते. आणि गुंठ्यानं प्लॉट पाडून विकणारे कोण होते? आपल्यातलेही होते. शंभराच्या बाँडवर विकले, नमाजाला पहिल्या सफेत उभे राहिले. जे तुमच्या ताब्यात नाही ते विकू नका, हा व्यापाराचा नियम आपल्याला मदरशात शिकवतात. पाण्याची लाइन कुणाच्या ताब्यात होती? २००१च्या गुंठेवारी कायद्यानं आणि २०२१च्या दुरुस्तीनं घरं नियमित करायची सोय झाली, शुल्क भरलं की घर कायदेशीर. पाइपाला मात्र कायदेशीर होता येत नाही, तो टाकावाच लागतो.

मोठ्या टाउनशिपसाठी राज्याचा नियम चांगला आहे. १०० एकरांच्या वरच्या टाउनशिपला परवानगी हवी असेल तर विकासकानं माणशी रोज किमान १४० लिटर पाण्याचा स्रोत दाखवायचा, किंवा पाणीपुरवठा यंत्रणेची पक्की हमी आणायची, आणि त्यात भूजल धरायचं नाही. बोअर चालणार नाही, इतकं स्पष्ट. म्हणून आमच्याकडे बहुतेक प्रकल्प बारा एकरांचे असतात. एकामागे एक, शेजारीशेजारी, एकाच विकासकाच्या तीन नावांचे. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की पर्यावरण मंजुरी लागते, मग फेज तेवढ्याच मापाच्या कापायच्या. कागदावर प्रत्येक तुकडा लहान, आणि लहान तुकड्याला कुणी स्रोत विचारत नाही.

माझी सूचना साधी आहे, आणि तिला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. महापालिकेनं प्रत्येक जलकुंभाचा आणि प्रत्येक मुख्य ड्रेनेज लाइनचा ताळेबंद वेबसाइटवर टाकावा. क्षमता किती, आज प्रत्यक्षात वापर किती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ज्यांना परवानगी दिली पण जे अजून जोडले गेले नाहीत त्यांचं किती. आपले सगळे घोटाळे या तिसऱ्या रकान्यात आहेत. आज जोडलेली घरं मोजून 'क्षमता शिल्लक' असा शेरा मारतात आणि तीच शिल्लक पाच प्रकल्पांना वाटतात. रेल्वेचं एक तिकीट पाच जणांना विकल्यासारखं, फक्त पाचही जण डब्यात चढेपर्यंत सात वर्षं जातात आणि तोवर टीसी बदललेला असतो.

आणि फेज दोनची परवानगी फेज एकच्या प्रत्यक्ष मोजणीवर द्यावी. मीटर लावून मोजलेलं पाणी, मोजलेलं सांडपाणी. भोगवटा प्रमाणपत्र पाणी जोडल्यावर, हमीपत्रावर नव्हे. बिल्डर म्हणतील घरं महागतील. टँकरचे पैसे वीस वर्षं कोण देतंय? २०१६ मध्ये पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत आणि २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर भागात पाण्याअभावी नव्या बांधकामांना चाप लावायला उच्च न्यायालयाला पुढे यावं लागलं. महापालिकेचा कारकून जे एका रजिस्टरनं करू शकतो त्यासाठी मुख्य न्यायमूर्तींचा वेळ का घ्यावा?

या शहराची सुरुवात आठवते. १६१०च्या सुमाराला मलिक अंबरनं खडकी वसवायला घेतली तेव्हा उत्तरेच्या डोंगरातून नहर काढली, पाणी उतारानं आणलं, जागोजागी बंबे उभारून दाब सांभाळला. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेल्या माणसानं शहर आणि पाणी एकाच वेळी आखलं. मला नहरीचं गुणगान गात बसायला आवडत नाही. आपल्या लोकांना ते जरा जास्तच आवडतं. तेव्हा फ्लश नव्हता, चार मजली इमारती नव्हत्या, आणि आज ती नहर लाखांच्या शहराला पुरणार नाही. त्यातलं घेण्यासारखं एवढंच की उतार कुठून कुठे आहे हे आधी पाहिलं, आणि मग मोहल्ले आखले.

खालू परवा त्या ऑफिसात स्वतः जाऊन आले. पाण्याच्या मंजुरीचं पत्र दाखवा म्हणाले. मुलानं बराच वेळ फाइल चाळली आणि एक झेरॉक्स दिली. ते विकासकाचंच हमीपत्र होतं: महापालिकेचा पुरवठा सुरू होईपर्यंत आम्ही स्वखर्चानं पाणी देऊ. खालूंनी आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. त्यांनी लाल पेनानं 'सुरू होईपर्यंत' खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "तारीख?" झेरॉक्स अजून त्यांच्या बॅगेत आहे. बुकिंग केलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. खाला म्हणते, कुठेही घ्या, फक्त बाल्कनीत दोन ड्रम मावतील एवढं बघा.