चिंधीची बाजू

मी गोधडी घेऊन बसले की घरात येणारं माणूस आधी एकच विचारतं, ‘कुणासाठी?’ आठ वर्षांत मी अकरा गोधड्या पुऱ्या केल्या आणि अकराही वेळा माझ्यापाशी उत्तर तयार होतं. भाचीच्या बाळाला दुपटं, पुतण्याच्या वसतिगृहातल्या खाटेवर अंथरायला गोधडी, गुडघेदुखीनं बेजार झालेल्या शेजारच्या काकूंना जाडसर बैठक. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. सध्या मांडीवर बारावी आहे आणि ती कुणासाठीच नाही. चिंध्या जोडण्यात मला आनंद होतो, एवढ्याच कारणानं ती शिवते आहे. हे सांगितलं की वाद सुरू होतो. त्या वादातले आक्षेप उथळ नाहीत; एक-दोन तर मला अस्वस्थ करून गेलेले आहेत. म्हणून आधी ते मांडते, त्यांना उत्तर देते आणि मग माझी बाजू सांगते.

पहिला आक्षेप हिशेबाचा. माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, हलकं, मऊ पांघरूण बाजारात तयार मिळतं. तुझ्या तासांची किंमत लावलीस तर ही गोधडी कुणालाच परवडणार नाही.’ हिशेब मीही केला आहे. गोधडी दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरू. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन सेंटीमीटर अंतर ठेवलं तर ७५ ओळी होतात, म्हणजे १५० मीटर शिवण. सेंटीमीटरला एक टाका धरला तर १५,००० टाके. मिनिटाला आठ टाके पडले तर नुसते टाके भरायलाच ३१ तास लागतात. तुकडे निवडणं, जोडणं, कच्चे टाके घालणं वेगळंच. आकडे बरोबर आहेत, पण भाचा ते खर्चाच्या रकान्यात मांडतो आणि तिथे त्याचं चुकतं. नकोशा कामाचे तास वाचवावेत, हे मला मान्य आहे. जे तास मला हवेच आहेत ते वाचवून मी काय करू? पंढरपूरला एसटी जाते. तरी आळंदीहून माणसं पायी निघतात आणि त्यांना कुणी वेळेचा जाब विचारत नाही. त्या चालण्यातच त्यांना काही मिळतं, हे आपल्याला न सांगता कळतं. टाक्यांच्या बाबतीत तेवढंच कळून घ्यावं, एवढं माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप फार जड आहे. माझी एक मैत्रीण दुष्काळी भागात वाढली. एका वाकळेखाली चार भावंडं झोपत. ती एकदा म्हणाली, ‘अगं, आम्ही वाकळ पांघरली ती दुसरं काही नव्हतं म्हणून. आमची लाज तू छंद म्हणून हातात घेतलीस की मला कसंतरीच होतं.’ यावर पटकन उत्तर देणं उद्धटपणाचं ठरलं असतं, म्हणून मी गप्प राहिले. बऱ्याच दिवसांनी तिला विचारलं, तुझ्या आईच्या वाकळेत मधोमध काय होतं? ती क्षणाचाही विचार न करता बोलू लागली. मध्ये तांबड्या खणाचा चौकोन, त्याच्याभोवती हिरव्या लुगड्याचा काठ चारी बाजूंनी फिरवलेला, कोपऱ्यांवर धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या. तो काठ चौकटीसारखा फिरवायला तिच्या आईला कुणी सांगितलं होतं? थंडी काठ बघून कमी होत नाही. पोरांच्या अंगावर काही पडावं एवढीच निकड असती तर हाताला येईल तो तुकडा लावून वाकळ उरकता आली असती. त्या माउलीनं रंग निवडले आणि मध्य राखला. दारिद्र्यानं तिच्याकडून पुष्कळ काही हिरावून घेतलं असेल, पण एवढा आनंद तिनं त्याच्या हाती लागू दिला नाही.

हे एकट्या त्या माउलीपुरतं खरं नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज; पोर्तुगीजांच्या गोव्यातली गुलामगिरी झुगारून निसटलेली कितीतरी माणसं या जंगलांच्या आसऱ्याला आली. सिद्दी बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंद’ शिवतात. एका कोपऱ्यात सुरुवात करून त्या कडेकडेनं फेऱ्या मारत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाचं ‘फूल’ बसवल्याशिवाय कवंद पुरी झाली असं मानत नाहीत. त्या फुलानं कवंद जास्त उबदार होत नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शेतावर झिजलेल्या विजारी आणि सदऱ्यांच्या गोधड्या शिवल्या. मिसूरी पेटवे या बाईनं १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याचे कामाचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली. त्याच वस्तीतल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यू यॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये तिथल्या टपाल तिकिटांवर आल्या. संग्रहालयानं मान दिला म्हणून त्या सुंदर झाल्या नाहीत. जमिनीवर अंथरलेल्या होत्या तेव्हाही त्या तशाच होत्या.

मैत्रिणीचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य करते. गोधडीची कला टिकावी म्हणून कुणीही कुडकुडता कामा नये. ती मजबुरी जायलाच हवी. पण मजबुरी गेली म्हणून तिच्यासोबत हातातली विद्याही टाकून द्यायची का? आणि लाज चिंधीला का चिकटवायची? आपल्या बोलीत चिंध्या उडवतात, लक्तरं वेशीवर टांगतात. चिंधी म्हणजे टाकाऊ, हे आपण शब्दांतच शिवून ठेवलं आहे. मात्र आपल्या आठवणीत दुसरंही काही आहे. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीनं भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही गोष्ट घरोघर सांगितली जाते. गाडगेबाबा चिंध्यांचं वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव फिरले. काही ठिकाणी लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्याच्याही कितीतरी आधी बौद्ध भिक्षू टाकून दिलेली फडकी वेचून त्यांची चीवरं करत. अशा वस्त्राला पांसुकूल म्हणत. मगधातली बांधांनी आखलेली भातखाचरं दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का? आनंदानं ती तशी बेतली, असं विनयपिटकात सांगितलं आहे. शेताच्या नकाशासारखं तुकड्यांचं वस्त्र बेतणाऱ्या त्या माणसाला मी या छंदातला फार जुना सोबती मानते.

तिसरा आक्षेप माझ्या एका तरुण सहकारी मुलीचा. ती म्हणते, ‘मुलींच्या शाळेत शिवणकाम सक्तीचं होतं, लग्नाच्या बाजारात सुईचं कसब विचारलं जायचं. बायकांना त्यातून बाहेर पडायला किती वर्षं लागली, ताई! तुम्ही पुन्हा तिथेच जाऊन बसलात.’ तिच्या रागाबद्दल मला आदर आहे. पण जाच सुईत नव्हता, हुकमात होता. हीच सुई दुकानात बसली की तो पुरुषाचा धंदा होतो. संत नामदेव शिंपीच होते. घरातल्या सुईला मात्र मोल नव्हतं आणि तिच्या मालकिणीला स्वतःचा वेळही नव्हता. खरं सांगायचं तर या मुलीच्या बोलण्यानं मला माझ्या अकरा गोधड्यांकडे नव्यानं पाहायला लावलं. प्रत्येक वेळी मी कुणाचं तरी नाव का पुढे केलं? बाईनं स्वतःच्या आनंदासाठी ३१ तास बसणं मलाच मंजूर नव्हतं. दुसऱ्याच्या गरजेची सबब असली की बसायला मोकळीक मिळायची. तेव्हा आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय वेगळा आहे. सुई टाकून देण्याचं कारण नाही. सबब टाकायची. बारावी गोधडी त्यातूनच सुरू झाली.

चौथा आक्षेप हौशी लोकांचा. ‘करायचंच तर नीट कर. नवं सुती कापड आण, छापील नमुना घे, मोजून चौकोन काप.’ माझी सातवी गोधडी मी तशी केली. रंग जुळले, कोपरे जुळले, सगळ्यांनी वाखाणली. पण तिचा एकही दिवस आज मला आठवत नाही, कारण त्या गोधडीतला प्रत्येक निर्णय माझ्या आधी दुसऱ्या कुणीतरी घेतलेला होता. ज्यांना त्या काटेकोर भूमितीत सुख मिळतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. मला मात्र अखंड कापडाच्या चिंध्या करून त्या पुन्हा जोडण्यात मन रमवता आलं नाही.

आता थोडं माझ्या समर्थकांशी. ते म्हणतात, गोधडीमुळे कचरा वाचतो, आठवणी जपल्या जातात, मन शांत होतं. यातलं काही खोटं नाही, पण या आधारावर मला माझा छंद उभा करायचा नाही. माझ्या अकरा गोधड्यांत मिळून फार तर २५ किलो कापड गेलं असेल. आमच्या गल्लीतला टेलर तेवढी कातरण थोड्या महिन्यांत झाडून बाहेर टाकतो. पृथ्वी वाचवायची तर कपडे कमी विकत घ्यावे लागतील, त्याचा भार माझ्या सुईवर टाकू नये. आठवणींचंही तसंच. माझ्या निम्म्या चिंध्या अनोळखी माणसांच्या कपड्यांच्या आहेत, आणि त्या जोडतानाचा आनंद निम्मा नसतो. ‘उपयोग काय?’ या प्रश्नाला नवा, सभ्य उपयोग दाखवणं म्हणजे तो प्रश्नच मान्य करणं. मला तो मान्य नाही.

मग आनंद कशाचा? तो गाठोडं सोडण्यापासून सुरू होतो. टेलरच्या कातरणीत सरळ चौकोन जवळजवळ नसतात. बाहीसाठी कापलेली काखेची चंद्रकोर असते, पोलक्याच्या गळ्यातून निघालेलं अर्धवर्तुळ असतं, कुर्त्याच्या बाजूचा लांब निमुळता त्रिकोण असतो. माणसाच्या अंगाभोवती जी जागा उरली तिचे हे आकार. ते एकमेकांत बसवायला कोणतंही सूत्र नाही. फरशीवर मांडावं, उठून स्टुलावर चढून बघावं, डोळे अर्धवट मिटावेत म्हणजे रंग पुसट होतात आणि उजेड-अंधार तेवढा दिसतो. मग कळतं की उजवा कोपरा जड झाला आहे. ज्या मातकट तुकड्याकडे कुणी पाहिलंही नसतं तो हळदी रंगाशेजारी ठेवला की हळद उजळते. असा शोध लागतो त्या दुपारी मला भूक आठवत नाही.

त्यात जुन्या हातांची बुद्धी भेटत राहते. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले की गोधडीचं वरचं आणि खालचं अशी दोन्ही अंगं एकाच लुगड्यातून निघतात. हा बेत कुठे लिहून ठेवलेला मी वाचला नाही. एका म्हाताऱ्या बाईनं विती टाकून दाखवला. सुती कापड आधी भिजवून आटवून घ्यावं, टेरिकॉट त्याच्यात मिसळू नये, लाल रंगाची आधी परीक्षा घ्यावी, हेही असंच हातोहात आलं. यातलं शेवटचं मी पहिल्या वेळी ऐकलं नाही. पहिल्याच धुण्यात तांबड्या खणाचा रंग पसरला आणि पांढरा पट्टा गुलाबी झाला. मी त्यावर निळं ठिगळ लावलं, आणि आज त्या गोधडीत नजर आधी तिथेच जाते. चूक पोटात घेऊन पुढे जाता येतं, हे मला तोवर इतक्या स्पष्टपणे कुठल्याच कामात दिसलं नव्हतं.

मांडणी ठरली की कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जड पितळी डबा ठेवून कापड ताणून घ्यायचं आणि धावदोरा सुरू करायचा. पहिल्या तासात मन इकडेतिकडे जातं. मग हाताला लय सापडते आणि विचार तिच्यामागून चालू लागतात. गोधडीची उलटी बाजू मला सुलटीइतकीच आवडते. तिथे रंगांचा कोलाहल नसतो, नुसत्या टाक्यांच्या ओळी असतात. कुठे टाके बारीक आणि दाट, तो दिवस निवांत होता. कुठे लांबलचक, तेव्हा घरात आजारपण होतं. पहिल्या धुण्यानंतर दोरा कापड ओढून घेतो आणि साऱ्या अंगावर बारीक लाटा उठतात. दसऱ्याच्या आधी गावोगावी नदीकाठच्या दगडांवर गोधड्या वाळत पडतात तेव्हा या लाटा उन्हात दिसतात आणि माझी पावलं थांबतात. आणि गोधडी जुनी झाली तरी संपत नाही. विरलेली गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालतात.

वाद घालणाऱ्या कुणालाही मी गोधडी शिवाच म्हणणार नाही. ज्या कामाचं फळ दाखवता येत नाही असं एखादं काम प्रत्येकाजवळ असावं आणि त्यासाठी कुणापुढे सबब ठेवावी लागू नये, एवढंच मागणं आहे.

बारावीची मांडणी अजून चालू आहे. काखेतून निघालेली एक तांबडी चंद्रकोर चार दिवस जागा शोधत फरशीवर फिरत होती. आज संध्याकाळी ती एका राखाडी पट्टीच्या कडेला ठेवली आणि बसली. घरात कुणी नव्हतं. दाखवायला कुणाला बोलवावं असंही मनात आलं नाही. दिवा लावला आणि सुईत दोरा ओवला.