अर्जात कुलदैवताचा रकाना असतो, दीक्षेचा नसतो

आमच्या एका कार्यकर्त्याच्या आईला डिमेन्शिया आहे. वय ऐंशीच्या घरात. रात्री गॅस उघडा राहतो, पहाटे दार उघडून त्या रस्त्यावर जातात. मुलगा-सून दोघेही नोकरीला. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी पुणे आणि आसपासची वृद्धनिवासे पाहत फिरलो. "आपल्यात आईबापाला आश्रमात टाकत नाहीत" असे सांगणारे रग्गड भेटले. रात्री जागायला त्यांतला एकही आला नाही. हा उपदेश कायम सुनेच्या जिवावर केला जातो. त्यामुळे घर की संस्था हा वाद आम्हाला घालायचाच नाही. आमचा सवाल आहे, कोणती संस्था?

एका नावाजलेल्या ठिकाणी प्रवेशअर्ज दिला. त्यात रकाने होते: कुलदैवत, उपवासाचे वार, आवडती आरती. कारण विचारले तर व्यवस्थापिका बाईंनी ते नीट समजावले. या आजारात ताजी आठवण आधी जाते, जुनी मागे राहते; पाठ असलेली गाणी, प्रार्थना बरेचदा उशिरापर्यंत टिकतात आणि त्यांच्या आधाराने माणूस शांत होतो. शास्त्र बरोबर आहे. म्हणून मुलाने लिहिले: बुद्धवंदना, भीमगीते. बाई गोड हसून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं सारखंच हो. संध्याकाळी रामरक्षा असते, आवडेल त्यांना."

ही आई १९५६ साली दहा-अकरा वर्षांची पोर होती. वऱ्हाडातल्या गावाहून बापाचा हात धरून ती नागपूरला दीक्षेला गेली होती. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली दुसरीच राम-कृष्णाला देव न मानण्याची आहे. ज्या बाईला काल काय जेवली ते आठवत नाही, तिच्याजवळ उरलेली ही आठवण. तीच पुसून वर रामरक्षा बसवायची, आणि याला म्हणायचे स्मृतीची काळजी!

स्वयंपाकघरावर पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी'. अंडेसुद्धा नाही. या आजारात जेवण कमी होते, वजन उतरते. ओळखीच्या वासाने भूक लागू शकते. आईच्या ओळखीचा वास सुकटीचा. पण तो वास या जागेला विटाळ. एका जातीच्या जेवणाला 'सात्विक' म्हटले की बाकीच्यांचे आपोआप घाण ठरते, हे आम्हाला नवीन नाही.

चाचणी म्हणून दोन दिवस आईंना तिथे ठेवले. पाण्याचा ग्लास पुढे केला की त्या ओंजळ धरायच्या. नोंदवहीत लिहिले गेले: 'पाणी पिण्याची पद्धत विसरल्या आहेत.' विसरल्या नव्हत्या हो. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीही ज्या गावात वरून ओतलेले पाणी प्यावे लागे, ते गाव त्यांना लख्ख आठवत होते. तिथल्या एका मावशीला मात्र हे कळले. ती बारा तासांच्या पाळीत डायपर बदलणारी, आपल्याच वस्तीतली. तिने कानाशी वाकून "जय भीम, आई" म्हटले आणि आईंनी ग्लास हातात घेतला. मावशी आम्हाला म्हणाली, "मॅडमला सांगू नका."

म्हणून निवड करताना आधी रात्रपाळीत किती माणसे असतात ते विचारा. बांधून ठेवतात का, झोपेचे औषध कोणाच्या सांगण्यावरून देतात, डिपॉझिट परत कधी मिळते, हेही विचारा. न कळवता जेवणाच्या वेळी जा. पण एवढ्यावर थांबू नका. १४ एप्रिलला इथे काय होते? मांसाहार का नाही? मावशींना पगार किती, त्या जेवतात कुठे? या प्रश्नांवर ज्यांचा चेहरा पडतो, तिथून उठा.

अर्थात उठून जाणार कुठे? आम्हाला सांगितलेला दर महिना चाळीस हजार. श्रावणबाळ योजनेतून मिळतात १५००. देशात साठीवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे; ते सगळे पेन्शनवाले नाहीत. संविधानाचे कलम ४१ म्हातारपणी सरकारी साहाय्याबद्दल बोलते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांचे निवास उभारण्याबद्दल बोलते. पण तिथे शब्द घातला आहे 'उभारू शकेल'. या एका शब्दाआड सरकार लपते. तो 'उभारेल' असा व्हावा, आणि त्या निवासांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वेगळी सोय असावी, ही आमची मागणी आहे.

आणि आपल्या विहार समित्यांना एक सवाल. डीजेसाठी वर्गणी निघते. बहुतेक विहार दिवसभर कुलूपबंद असतात. दुपारी दहा ते पाच तिथे चार म्हातारी माणसे बसवायला, दोन मावशींना योग्य पगार द्यायला आणि उकडलेली अंडी द्यायला किती खर्च येतो, याचा हिशेब आम्ही आमच्या वस्तीत मांडायला घेतला आहे. या रविवारी बैठक आहे.