वाचले पुष्कळ, हाती काय?

गेल्या पावसाळ्यात पोंभुर्ण्याच्या माझ्या घरी एक विद्यार्थिनी आली. माजी मालगुजारी तलावांवर ती पीएच.डी. करते आहे. घरची धानाची शेती, वडील सातवी शिकलेले. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच. मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, तीनशेच्या वर लेख जमवले. दोन वर्षं झाली, पण पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान काही उतरत नाही." मी म्हणालो, "नोंदी दाखव." तिने पिशवीतून एक वही काढली. तिची अकरा पाने भरलेली होती आणि अकराही पानांवर इंग्रजी उतारे होते. कोणत्या पुस्तकातले, कोणत्या पानावरचे, याचा कुठे पत्ता नव्हता.

मला तिच्यावर रागावता येईना. तीस वर्षांपूर्वी मीही असाच होतो. पहाटेची एस.टी. धरून नागपूरला जायचे, ग्रंथालय उघडण्याआधी दारात उभे राहायचे आणि पुस्तक पुन्हा हाती लागेल की नाही या धास्तीने दिसेल ते उतरवून घ्यायचे. अशी पाच रजिस्टरे भरली. त्यांत माझे वाक्य कोणते आणि ग्रंथकाराचे कोणते, हे त्या दिवशी मला ठाऊक होते. चार वर्षांनी प्रबंध लिहायला बसलो तेव्हा ठाऊक नव्हते. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद वाचून दाखवला आणि शांतपणे विचारले, "हे आपलेच ना?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. त्यांनी पिशवीतून एक जुने पुस्तक काढून टेबलावर ठेवले. खूण घातलेले पान उघडायचीही गरज पडली नाही. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, सहा महिने गेले. पण ते सहा महिने काहीच नव्हेत; मी चोर नाही हे मला सिद्ध करता येत नव्हते, ते जास्त लागले. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत, संगणक उसनवारीची टक्केवारी काढतो, दहा टक्क्यांपर्यंत माफी असते. माझ्या त्या एका परिच्छेदाला संगणकानेही माफ केले असते. तरी ते वाक्य माझे नव्हते!

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. लिहिणे ही वाचून झाल्यावर करायची गोष्ट नाही. ते नोंद करतानाच सुरू होते, आणि नोंद ज्या दिवशी वाचले त्याच दिवशी झाली पाहिजे. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे तोडलेले पान त्याच दिवशी पुडके बांधून फळीवर जाते. उद्यावर टाकले तर पान वाळून मोडते. वाचलेल्याचेही तसेच आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे करतात, ते पाहायचे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 साली तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून पंचवीस-एक वर्षांत जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द; तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव आणि स्थळ. कोशाचे प्रकाशन 1976 साली सुरू झाले, म्हणजे नोंदींची तपश्चर्या आधी आणि छापील अक्षर नंतर. ज्याने चिठ्ठी लिहिली तो निवृत्त झाला असेल, वारलाही असेल. पण पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणी ती उचलली तरी ती बोलते. नोंदीची कसोटी हीच. आपण स्वतःसुद्धा चार वर्षांनी परकेच झालेले असतो.

कुणी म्हणेल, कोशाचे काम निराळे. खरे आहे. जर्मनीतले समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान (1927-1998) यांनी एकट्याने सुमारे 90 हजार चिठ्ठ्या लिहिल्या. त्या विषयवार कप्प्यांत न कोंबता एका चिठ्ठीवर दुसरीचा क्रमांक टाकून त्यांनी त्या एकमेकींशी जोडल्या. त्यांच्या डझनावारी पुस्तकांची सामग्री तिथून आली. अर्थात, 90 हजारांच्या आकड्याने घाबरायचे कारण नाही. रोज तीन चिठ्ठ्या लिहिल्या तरी तीन वर्षांत तीन हजारांवर होतात, आणि एका प्रबंधाला त्या पुरून उरतात.

आणि दूर कशाला जायचे? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून जे नोंदवले, ते 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्या नोंदींनी जगाला सांगितले. त्याच राणीताईंचे 'गोईण' हे पुस्तक आदिवासी बायांशी झाडांविषयी झालेल्या बोलण्यातून उभे राहिले. ऐकलेले टिपून ठेवले नसते तर ते बोलणे बोलण्यातच विरले असते.

आता आमच्या मुलांची खरी अडचण. ती वाचतात इंग्रजीत, लिहितात मराठीत आणि घरी बोलतात तिसऱ्याच बोलीत. शहरातल्या मार्गदर्शकाला हा दुबळेपणा वाटतो. मला ती संधी वाटते. इंग्रजी उतारा तसाच उतरवला की डोके झोपलेले राहते. तो मिटवून "याने काय म्हटले" हे आपल्या मराठीत दोन ओळींत लिहायला लागले, की समजले नाही ते लगेच उघडे पडते. त्या मुलीच्या वहीत तलावातून पाणी सोडण्याच्या दारासाठी कोशातून आणलेला 'जलद्वार' हा शब्द होता. मी विचारले, "तुझे बाबा काय म्हणतात?" ती हसली. "तुडूम." मग तिच्या प्रबंधात तुडूम का नको? तो कोण उघडायचा, मालगुजारी गेल्यावर तो कोणाच्या ताब्यात आला, असे प्रश्न 'जलद्वारा'तून निघतच नाहीत.

हे कुणी शिकवते का? 2009 पासून पीएच.डी.ला अभ्यासक्रम सक्तीचा झाला. त्यात संशोधन पद्धतीची पत्रिका असते. मुले गृहीतकाची व्याख्या पाठ करून ती पास होतात. सहामाही प्रगती अहवालावर मार्गदर्शकाची सही पाच मिनिटांत होते. त्या सहीसाठी मीही कधी नोंदवही मागितली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. अहवालासोबत पन्नास नोंदी दाखवल्याशिवाय सही नाही, एवढा एक नियम झाला तर निम्मे रखडलेले प्रबंध हलतील. वीस तास शिकवणाऱ्या प्राध्यापकाला वेळ कुठे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पन्नास नोंदी चाळायला एक तास लागतो. न लिहिलेला प्रबंध वाचायला मात्र पाच वर्षे वाट पाहावी लागते.

साधने भरपूर आहेत. शोधगंगावर देशभरचे प्रबंध फुकट मिळतात, झोटेरोसारखी फुकट प्रणाली संदर्भ जपते. आता तर यंत्र तीनशे लेखांचे सारांशही करून देते. वापरावीत. मात्र यंत्राने केलेला सारांश ही यंत्राची नोंद. तिच्याशी आपले भांडण झालेले नसते, म्हणून ती आपल्या लक्षातही राहत नाही. असो.

मी त्या मुलीला एवढेच सांगितले: जमवणे बंद कर. रोज एक लेख, त्यावर तीन चिठ्ठ्या. वर लेखक, ग्रंथ, पान. मध्ये तुझ्या शब्दांत त्याचे म्हणणे. जसेच्या तसे घेतलेस तर अवतरणचिन्ह, तेही त्याच क्षणी. खाली तुझी शंका. शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या ओट्यावर पसरून लावायच्या आणि ज्या दोन एकमेकींशी बोलतात त्यांवर अर्धे पान लिहायचे.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा बुटाच्या खोक्यात दोनशेवर चिठ्ठ्या होत्या आणि हातात नऊ पाने. पहिलेच पान तुडमावर. मेजर ल्युसी स्मिथ यांचा 1869 चा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल आणि वडिलांचे बोलणे तिने शेजारीशेजारी ठेवले होते. एका चिठ्ठीच्या तळाशी शंका होती: 1951 साली मालगुजारी संपून तलाव सरकारजमा झाले, तेव्हा पाळीची दुरुस्ती करणाऱ्यांना कुणी विचारले होते का?

मला उत्तर येत नव्हते. तसे सांगितले. तिने खिशातून कोरी चिठ्ठी काढली आणि वर तारीख घातली.