मॅजेस्टिक आपलंही होतं



सुट्टीत आपण मुंबईला येतो, मांडवीच्या शाअर हरहमीम सिनेगॉगसमोर मुलांचे फोटो काढतो. गिरगावात मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरवरून जाताना मात्र टॅक्सीतून मानही वळवत नाही. इथेच मॅजेस्टिक सिनेमा होता. 14 मार्च 1931 रोजी ‘आलम आरा’, भारताचा पहिला बोलपट, इथेच लागला. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात पाच रुपयांना गेलं, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. अर्देशिर इराणी, मास्टर विठ्ठल, झुबेदा ही नावं सर्वांना पाठ आहेत. पण ज्या नाटकावरून हा बोलपट झाला, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकर आपले, बेने इस्राएल. हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

“नाटक-सिनेमा म्हणजे काही समाजाचा इतिहास नव्हे,” असं आपल्यातलीच मंडळी म्हणतात. आम्हाला हे साफ नामंजूर आहे. ‘बूट पॉलिश’मधले डेव्हिड अब्राहम चेऊलकर आपले, हे आपण छाती फुगवून सांगतो. चेहरा दिसला म्हणून नट आपला, आणि पडद्यामागे राहिला म्हणून लेखक परका?

‘आलम आरा’ची एकही प्रत आज हाती नाही. ती पुण्याच्या 2003 च्या आगीत जळाली, असं अजून सांगितलं जातं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी स्पष्ट केलं होतं, की ती तिथे कधी आलीच नव्हती. संग्रहालयच 1964 सालचं! चित्रपट आगीने नाही, बेपर्वाईने गेला.

आखातात नोकरी केलेल्यांनी शारजाचं रोल्ला पाहिलं असेल. ज्या वडावरून ते नाव पडलं, तो 1978 साली कोसळला. तिथल्या लोकांनी चौकात वडाच्या आकाराचं स्मारक उभारलं. वस्तीचं नाव आजही रोल्लाच. एका झाडासाठी ते एवढं करतात. आपण आपल्या माणसासाठी काय केलं?

मॅजेस्टिकच्या जागी ‘आलम आरा’चा फलक हवा आणि त्यावर जोसेफ डेव्हिड हे नाव हवं. ही मागणी आपल्या संस्थांनी महापालिकेकडे लावून धरावी. आणि दिमोना, अश्दोद, लोदच्या घरांत जुने फोटो, नाटकांची हँडबिलं असतील, तर आजच मागे नावं लिहा. वॉर्डात आम्ही नाव नसलेली रक्ताची बाटली कधी लॅबमध्ये पाठवली नाही. कुणाचं रक्त आहे, हे नंतर कोण सांगणार?